सर्वसाधारण शाळेतील दिव्यांग मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा : नागपूरच्या नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

माझा मुलगा नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत आठवीत शिकतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचा परिणाम त्याच्या उजव्या हातावर आणि चालण्यावर झाला असून आकलनावर झालेला नाही. पहिलीत त्याचे नाव घातले तेव्हा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, ज्याला शाळांमध्ये सर्रास ‘आयईपी’ म्हणतात, म्हणजे नेमके काय हे मला ठाऊक नव्हते आणि शाळेलाही फारसे ठाऊक नव्हते. पुढच्या सात वर्षांत आम्ही सात आराखडे केले. त्यांतील पहिले दोन पूर्णपणे वाया गेले. ते का वाया गेले आणि नंतरचे का चालले, हे नव्या पालकांना आधीच कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आराखडा हा काही पानांचा लेखी दस्तऐवज असतो. मुलाला आज काय येते, या सत्रात त्याने काय शिकावे, त्यासाठी वर्गात कोणते बदल करायचे, ते कोणी करायचे आणि ते साधले की नाही हे कसे ओळखायचे, एवढे त्यात असावे लागते. आमचा पहिला आराखडा विशेष शिक्षकांनी, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी, मोठ्या आस्थेने लिहिला होता. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिला. ऑक्टोबरमध्ये वर्गशिक्षिकेला विचारले, तेव्हा त्यातील कोणते काम आपल्यावर सोपवले आहे हेच आपल्याला कळले नव्हते, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मूल दिवसाचे पाच-सहा तास ज्या शिक्षिकेसमोर बसते, तिच्या रोजच्या तासात जी ओळ उतरत नाही, ती ओळ आराखड्यात असून नसल्यासारखी असते. पुढील सर्व पायऱ्या याच अनुभवातून आल्या आहेत.

१. कायद्यातील मोजकी कलमे आधी वाचून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्याचे कलम १६ शासनाचे अनुदान असलेल्या तसेच केवळ मान्यता असलेल्या शाळांनाही लागू होते, म्हणजे खासगी शाळा त्यातून सुटत नाहीत. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयीसुविधा करून देणे, आवश्यक तेथे वैयक्तिक सहाय्य पुरवणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे ही कर्तव्ये त्या कलमात आहेत. कलम १७ मध्ये परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतील सूट यांचा उल्लेख आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे कलम १६ मध्ये ‘आयईपी’ हा शब्द नाही. त्यामुळे ‘आम्हाला आयईपी द्या’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘कलम १६ नुसार आवश्यक असलेले वैयक्तिक सहाय्य आणि वाजवी सोयीसुविधा यांचा लेखी आराखडा करावा’ असे लिहिलेले अधिक उपयोगी पडते. दुसरी गोष्ट टक्केवारीची आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व ही अट कलम ३१ मधील ६ ते १८ वर्षे वयापर्यंतच्या मोफत शिक्षणासाठी आणि इतर काही लाभांसाठी आहे, परंतु कलम १६ मधील शाळेची कर्तव्ये त्या टक्केवारीशी बांधलेली नाहीत. मुलाचे प्रमाणपत्र ३० टक्क्यांचे आहे म्हणून वर्गात सवलत देता येत नाही, असे उत्तर एका पालकांना माझ्यासमोर मिळाले होते आणि ते निमूटपणे परत फिरले होते.

२. कागदपत्रे गोळा करा, पण त्यांची वाट पाहत थांबू नका

पुढील कागद एका फाईलमध्ये, प्रत्येकी तीन छायाप्रतींसह ठेवावेत :

– दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे केंद्र शासनाचे ओळखपत्र. अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करावा लागतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते.
– मुलाचे आधार कार्ड, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे.
– डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांचे गेल्या वर्षभरातील अहवाल.
– मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके.
– मुलाच्या वह्यांतील पाच-सहा पानांच्या छायाप्रती. यांत चांगली आणि वाईट, दोन्ही प्रकारची पाने असावीत.

तपासणीसाठी नागपुरात बहुतेक पालक मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातात. कोणत्या दिवशी कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी होते, हे आधी जाऊन विचारून यावे आणि मगच मुलाला घेऊन जावे. रांगेत तीन तास बसल्यानंतर आज तो विभाग नसतो असे कळणे मुलासाठी फार त्रासदायक असते. धंतोली किंवा रामदासपेठेतील खासगी तज्ज्ञांचा अहवाल आराखड्यासाठी अतिशय मोलाचा असला, तरी तो प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. त्याचप्रमाणे प्रमाणपत्रातील टक्केवारीवरून मुलाला कसे शिकवायचे हे शिक्षकांना कळत नाही. म्हणून दोन्ही कागद लागतात.

अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीच्या, बाबतीत वयाचा प्रश्न येतो. तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच दिले जाते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. परंतु दुसरीतील मूल अक्षरे गाळत असेल, तर प्रमाणपत्र येईपर्यंत दोन वर्षे हातावर हात ठेवून बसण्याचे काहीच कारण नाही. एनसीईआरटी या शालेय शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ नावाचे प्राथमिक पडताळणीचे ॲप आणले आहे. ते वापरून शाळेने पाहणी करावी अशी विनंती पालक करू शकतात. त्या पडताळणीला निदान समजू नये. वर्गात मदत सुरू करण्यासाठी मात्र ती पुरेशी असते.

३. शाळेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या

उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत पहिले सत्र भराभर संपते. म्हणून अर्ज शाळा सुरू झाल्यानंतर पहिल्या आठवड्यातच द्यावा. तो मुख्याध्यापकांच्या नावे असावा, त्यात बैठकीसाठी दोन-तीन सोयीच्या तारखा सुचवाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. तोंडी बोलणे कितीही गोड झाले, तरी पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलतात आणि बोलणे त्यांच्याबरोबर निघून जाते.

याच अर्जात आणखी दोन विनंत्या कराव्यात. एक म्हणजे यू-डायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांच्या शासकीय ऑनलाइन नोंदवहीत मुलाची दिव्यांग विद्यार्थी म्हणून अचूक नोंद करावी, कारण समग्र शिक्षा अभियान या शासकीय योजनेतील साहित्य, भत्ते आणि सहाय्यक साधनांच्या शिबिरांसाठी त्या नोंदीचा आधार घेतला जातो. दुसरी म्हणजे शाळांना शैक्षणिक मदत पुरवणाऱ्या तालुक्याच्या गट साधन केंद्रातील किंवा शहरात असल्यास शहर साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना बैठकीस बोलवावे. खासगी शाळेने स्वतः विशेष शिक्षक नेमला असेल, तर विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे ना, हे नम्रपणे विचारावे. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

४. ‘आज काय येते’ हे नेमके लिहा

आराखड्याचा हा भाग घाईने लिहिला जातो आणि पुढची सगळी इमारत त्यावरच उभी असते. आमच्या पहिल्या आराखड्यात ‘लेखनात मागे आहे’ असे एकच वाक्य होते. तिसरीतील वर्गशिक्षिकेने मात्र एक दिवस घड्याळ लावून पाहिले. फळ्यावरील पाच ओळी उतरवायला त्याला २५ मिनिटे लागत होती, तोच मजकूर तोंडी विचारला तर तो चार मिनिटांत आणि बिनचूक सांगत होता, आणि तिसऱ्या ओळीनंतर त्याची बोटे आखडत होती. या तीन निरीक्षणांतून प्रश्न भाषेचा नसून हाताचा आहे हे स्पष्ट झाले, आणि तोपर्यंत त्याच्यावर लादलेला जादा शुद्धलेखनाचा गृहपाठ त्याच दिवशी बंद झाला.

असेच नेमके निरीक्षण प्रत्येक मुलाबद्दल करता येते. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला बाराखडी येते का, जोडाक्षरे कोणती येतात, रफार आणि रकार यांत गोंधळ होतो का, एका मिनिटात किती शब्द बिनचूक वाचले जातात, हे लिहावे. श्रवणदोष असलेल्या मुलीला शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा किती कळते आणि समोर तोंड करून बोलतात तेव्हा किती कळते, हे वेगवेगळे लिहावे. स्वमग्न मुलाच्या बाबतीत कोणत्या तासाला तो अस्वस्थ होतो आणि त्याआधी वर्गात काय घडलेले असते, याची आठवडाभर नोंद ठेवावी. अस्वस्थतेचे कारण विषय नसून मधल्या सुट्टीनंतरचा गोंगाट आहे, हे अशा नोंदीतून पुष्कळदा उघड होते.

घरच्या निरीक्षणांचे एक पान पालकांनी स्वतः लिहून न्यावे. मूल कशात रमते, कशाला घाबरते, थकल्यावर काय करते, हे त्यात असावे. मुलाला जे चांगले येते तेही त्यात ठळकपणे लिहावे, कारण शिक्षकाला शिकवायला सुरुवात करण्यासाठी तोच एक आधार असतो.

५. उद्दिष्टे थोडी आणि मोजता येण्याजोगी ठेवा

एका सत्रात तीन किंवा चार उद्दिष्टे पुरतात. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षिकेला एका मुलासाठी पंधरा उद्दिष्टे सांभाळणे शक्य नसते, आणि अशक्य कागद पुढे केला की शक्य तेवढेही होत नाही. ‘वाचन सुधारणे’, ‘आत्मविश्वास वाढवणे’, ‘सामाजिक कौशल्ये विकसित करणे’ अशी वाक्ये दिसली, तर ती बैठकीतच बदलून घ्यावीत, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

चौथीतील अध्ययन अक्षमता असलेल्या मुलीसाठी उद्दिष्ट असे लिहिता येईल : ‘दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, परिचित उताऱ्यातील रफार असलेल्या दहा शब्दांपैकी आठ शब्द ती मदतीशिवाय वाचेल. सराव मराठीच्या तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत, आठवड्यातून तीन दिवस होईल. वर्गशिक्षिका दर शुक्रवारी नोंद करतील.’ या तीन वाक्यांत काय, कधीपर्यंत, कोणी, कोणत्या तासात आणि किती, अशी पाचही उत्तरे आली आहेत. आराखड्यातील प्रत्येक ओळ याच पाच प्रश्नांवर तपासून पाहावी.

अभ्यासाबाहेरचे एक उद्दिष्ट जरूर ठेवावे. आमच्या पाचवीच्या आराखड्यात ‘मधल्या सुट्टीत डबा वर्गात एकट्याने न खाता मुलांबरोबर व्हरांड्यात बसून खाईल, त्यासाठी भिंतीलगतची जागा राखून ठेवली जाईल’ असे एक उद्दिष्ट होते. त्याच्या शाळेतील दिवसांवर जितका परिणाम या एका ओळीचा झाला, तितका इतर कोणत्याही ओळीचा झाला नाही.

६. सोय आणि कपात यांतील फरक ओळखा

सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे. मुलाने शिकायचे तेच ठेवून शिकण्याची किंवा उत्तर देण्याची वाट बदलणे ही सोय झाली. फळ्याजवळची जागा, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, लेखी ऐवजी तोंडी उत्तर, जादा वेळ, फळ्यावरील मजकुराची तयार प्रत, तळमजल्यावरचा वर्ग, ही सर्व उदाहरणे सोयीची आहेत. शिकण्याचा मजकूरच कमी किंवा सोपा करणे ही कपात झाली. सहावीतील मुलाला तिसरीचे गणित देणे किंवा इतिहासाचे निम्मे धडे वगळणे हे तिचे उदाहरण.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या काही मुलांना कपात आवश्यक असते आणि ती विचारपूर्वक केली तर मूल वर्गात टिकते. परंतु ज्या मुलाला केवळ सोय हवी आहे, त्याच्यावर दयेपोटी कपात लादली जाते, आणि पालकही ओझे कमी झाले म्हणून सुस्कारा सोडतात. माझ्या मुलाला पाचवीत भूमितीच्या आकृत्यांतून पूर्ण वगळण्यात आले होते. हाताने आकृती काढता येत नाही, म्हणून त्याला कोन समजू नयेत असे कोणाच्या मनात नव्हते, पण घडले तेच. पुढे सहावीत ते सर्व घरी बसून भरून काढावे लागले. म्हणून आराखड्यात सोयी आणि कपात यांचे दोन स्वतंत्र रकाने करावेत, आणि कपातीच्या प्रत्येक नोंदीपुढे तिचे कारण व पुनर्विचाराची तारीख लिहून घ्यावी.

इमारतीचे आणि ऋतूचे प्रश्नही सोयींतच येतात. पाचवीचे वर्ग पहिल्या मजल्यावर होते. अर्ज केल्यावर शाळेने त्या तुकडीचा वर्गच खाली आणला, त्यामुळे मुलाची तुकडी बदलावी लागली नाही. मार्चपासून नागपुरात शाळा सकाळची होते. माझ्या मुलाचे स्नायू सकाळी ताठर असतात, म्हणून त्या महिन्यांत पहिल्या तासाला लेखनकाम देऊ नये, अशी नोंद आम्ही करून घेतो.

७. बैठक

मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, निदान दोन विषयशिक्षक, विशेष शिक्षक आणि आई-वडील एवढी माणसे असावीत. थेरपिस्ट येऊ शकत नसतील, तर त्यांचे एक पानी पत्र आणावे. पाचवी-सहावीपासून मुलालाही काही वेळ बसवावे. वर्गात सर्वांसमोर वेगळी प्रश्नपत्रिका दिलेली मला आवडत नाही, हे आम्हाला आमच्या मुलाने बैठकीतच प्रथम सांगितले. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि आराखड्याची प्रत घरी आणावी. छापील नमुन्यावर आधीच भरून ठेवलेला आराखडा केवळ सहीसाठी पुढे केला, तर तो वाचण्यासाठी दोन दिवस मागून घ्यावेत.

शिक्षकांशी बोलताना त्यांच्या अडचणी आधी ऐकाव्यात. कामांचा भार त्यांच्यावर खरोखरच मोठा असतो. फळ्याची प्रत रोज शिक्षकांनी करून देण्याऐवजी शेजारच्या बाकावरील मुलाच्या वहीचे छायाचित्र पालकांनी संध्याकाळी घ्यावे, असा तोडगा आमच्याकडे एका शिक्षिकेनेच सुचवला आणि तो आजही चालू आहे.

८. आराखड्याचे एक पान वेगळे काढा

बैठकीनंतर त्याच आठवड्यात हे करावे. पूर्ण आराखडा पाच-सहा पानांचा होतो आणि विषयशिक्षक तो वाचत नाहीत. म्हणून एका पानावर मुलाचे नाव, दोन वाक्यांत त्याची गरज, रोज करायच्या पाच गोष्टी, कधीही न करायच्या दोन गोष्टी आणि अडचण आल्यास कोणाला कळवायचे, एवढेच लिहावे. आमच्या पानावरील ‘करू नये’ या भागात ‘अक्षरासाठी गुण कापू नयेत’ आणि ‘घाई कर असे म्हणू नये’ अशा दोन ओळी आहेत. हे पान प्रत्येक विषयशिक्षकाला हातात द्यावे. वर्गाच्या भिंतीवर मात्र ते लावू देऊ नये, कारण निदान आणि टक्केवारी ही मुलाची खासगी माहिती आहे.

९. शाळेने टाळाटाळ केली तर

आधी पोच घेतलेल्या अर्जाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचेच बहुमत असते, तेथे विषय मांडावा. त्यानंतर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी, प्राथमिक किंवा माध्यमिक, यांच्याकडे आणि महानगरपालिकेची शाळा असल्यास तिच्या शिक्षण विभागाकडे लेखी जावे. तरीही काही झाले नाही, तर २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पूर्णवेळ मदतनीस पालकांनी स्वखर्चाने ठेवावा, तरच मूल वर्गात बसेल, अशी अट कोणी घातली तर ती लेखी मागावी. लेखी मागितल्यावर अशी अट सैल होताना मी पाहिली आहे.

१०. आढावा आणि नव्या वर्गाकडे सुपूर्द करणे

दर सहा ते आठ आठवड्यांनी वर्गशिक्षिकेबरोबर पंधरा मिनिटांचा आढावा आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी पूर्ण बैठक, एवढे पुरते. उद्दिष्ट साधले नसेल तर दोष मुलाच्या माथी मारण्यापूर्वी ठरलेला सराव किती दिवस झाला ते मोजावे. आमचा दुसरा आराखडा मात्र वेगळ्याच कारणाने वाया गेला. जूनमध्ये नवीन वर्गशिक्षिका आल्या आणि जुना आराखडा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. आता आम्ही एप्रिलच्या अखेरीस, निकालापूर्वी, जुन्या आणि नव्या वर्गशिक्षिकांना वीस मिनिटे एकत्र बसवण्याची विनंती करतो, आणि नव्या वर्गाचे ते एक पान उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच तयार करतो.

११. आठवी-नववीपासून दहावीची तयारी

दहावीच्या परीक्षेतील सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. दर तासामागे २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, एवढा जादा वेळ मिळतो. याशिवाय दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार लेखनिक आणि अन्य सवलती असतात. नववीच्या सुरुवातीलाच प्रमाणपत्राची मुदत आणि त्यावरील नाव शाळेच्या नोंदीशी जुळते का, हे तपासावे. एका वेलांटीच्या फरकामुळेही प्रस्ताव परत येऊ शकतो.

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो, म्हणून पाठ्यपुस्तकातील शब्द त्याच्या ओळखीचे नसतात. उत्तर मनात तयार असणे आणि ते दुसऱ्याला लिहून घेता येईल अशा रीतीने सांगणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. माझ्या मुलाने यंदा सातवीतील एका मुलाबरोबर शाळेच्या पहिल्या चाचणीत भूमिती सोडवली. आकृतीतील बिंदूंची नावे कोणत्या क्रमाने सांगायची, हे न ठरल्यामुळे पहिल्याच प्रश्नाला अर्धा तास गेला. दुसऱ्या चाचणीपूर्वी दोघांनी बसून क्रम ठरवला : आधी डावा बिंदू, मग उजवा, मग वरचा, आणि शेवटी मोजमाप. तो क्रम आता आराखड्यात ‘लेखनिकाबरोबर सराव, दर शनिवारी एक तास’ या ओळीखाली लिहिलेला आहे.